लॉबीतले लाल नाकवाले

आमच्या कर्वेनगरच्या सोसायटीत कुणी काही फुकट दिलं की लोक आधी त्यात खोट शोधतात आणि मग त्याच्यासमोर उभं राहून फोटो काढतात. माझ्या फिशटँकचंही तेच झालं.

टँक खरं तर ह्यांचा. बिबवेवाडीच्या घरात हॉलची एक भिंत त्यानं अडवली होती. ह्यांना माशांपेक्षा पाण्यातल्या झाडांचं वेड जास्त. संध्याकाळी बाह्या सरसावून आत हात घालून बसायचे आणि मी जेवायला हाका मारमारून घसा कोरडा करायची. हे गेले. मुलगी लग्न होऊन बंगलोरला. एवढ्या मोठ्या घरात एकटीनं काय करायचं, म्हणून मी इथल्या एका खोलीच्या फ्लॅटमध्ये आले. तिथे माझा पलंग मावला असता नाहीतर टँक. मासे ह्यांच्या एका मित्रानं नेले. झाडं बादल्यांतून आणून मी पुन्हा लावली आणि टँक सोसायटीला दिला. लॉबीत लिफ्टसमोर ठेवला, येता-जाता दिसावा म्हणून.

पहिल्या मजल्यावरच्या बाईंनी नातीच्या वाढदिवसाला माशांची जोडी आणून आत सोडली. जोडीच. आपल्याकडे एकटंदुकटं काही द्यायची पद्धत नाही. साडीसुद्धा ब्लाउजपीसशिवाय देत नाहीत. झालं! त्यांनी दिली म्हटल्यावर बाकीचे काय मेले होते का? ज्याच्या घरी वाढदिवस त्याची एक जोडी, असा रिवाजच पडला. त्यात मेख अशी, की प्रत्येकाला आपली जोडी लांबून ओळखता यायला हवी. म्हणजे एकानं आणलेली जात दुसरा आणणार नाही. बघता बघता टँकमध्ये सोसायटीएवढ्या जाती झाल्या आणि सोसायटीएवढीच भांडणं.

पट्ट्यापट्ट्यांचे टायगर बार्ब दिसेल त्याचे पर कुरतडत सुटले. चपटे, झोकदार एंजल दिवसा संतासारखे तरंगायचे आणि सकाळी इवल्या निऑन माशांतले दोन कमी असायचे. लहानसहान मासे फिल्टरच्या मागे दडून बसलेले. ग्रुपवर रोज एकेक मृत्यूची वार्ता. 'तुमच्या बार्बनी आमचा गुरामी मारला' यावरून दोन घरांनी एकमेकांकडे दिवाळीचा फराळ पाठवला नाही. हसू नका, पुण्यात याहून लहान कारणांवरून फराळ बंद झालेला आहे.

शेवटी चेअरमन मला लिफ्टपाशी गाठून म्हणाले, "वहिनी, मासे मरतात, वास येतो, भांडणं होतात. पुढच्या महिन्यातल्या सभेत मी ठराव आणतोय. टँक हलवायचा आणि तिथे पार्सलं ठेवायला रॅक करायचं." गृहस्थ पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले, त्यामुळे पाण्याविषयी शेवटचा शब्द आपला अशी त्यांची समजूत.

"हलवायचा म्हणजे कुठे?" मी विचारलं.

"आता ते मी काय सांगू? भंगारवाला नेईल की."

भंगारवाला! माझ्या खोलीत जागा नाही, मुलीकडे एवढं काचेचं धूड नेणार कोण? त्या काचेच्या आत ह्यांनी लावलेली, ह्यांनी छाटलेली झाडं होती. अजून वाढत होती. ह्यांचे कपडे मी देऊन टाकले, पुस्तकं वाचनालयाला दिली, चष्मासुद्धा दिला. जिवंत असं त्यांच्या हातचं तेवढंच उरलं होतं. तो टँक गेला तर माणूस दुसऱ्यांदा जाणार, हे मला स्वच्छ दिसत होतं.

मग मी पेटले. खुर्ची घेऊन टँकसमोर ठाण मांडलं. आयुष्यभर गणित शिकवलेलं. उत्तर चुकलं की रीत तपासायची एवढं कळतं. जाणारा-येणारा विचारायचा, "काकू, कुणाची वाट बघताय?" मी म्हणायची, "अक्कल यायची." कुणाला, ते ज्याचं त्यानं समजून घ्यावं.

दुसऱ्या मजल्यावर नागपूरची एक मुलगी राहते, कॉम्प्युटरवाली. ती पार्सल घ्यायला खाली आली की माझ्याशेजारी उकिडवी बसायची. तिनं दिलेली जोडी म्हणजे बोटाच्या पेराएवढे दोन चंदेरी मासे, नाव रमीनोज. नाक लाल म्हणून ते नाव. पण आमच्या टँकमध्ये त्यांची नाकं पिठात बुडवल्यासारखी पांढरी.

"काकू, दुकानात यांचं नाक लालभडक होतं जी," ती म्हणाली. "इथं आल्यापासून असेच पांढरे पडून राहिले. काहून बरं?"

"दुकानात होते किती?"

"बाप्पा! खूप होते. सारे संगंच फिरत, संगंच वळत."

मी ताडकन उभीच राहिले. अगं बाई! त्यांना जोडीदार नको होता, त्यांना गाव हवं होतं! स्वारगेटला शेवटची एसटी चुकलेल्या दोन प्रवाशांसारखे ते फिल्टरमागे अंग चोरून उभे होते, आणि आम्ही कौतुकानं म्हणत होतो, जोडी छान आहे हो.

मग मोबाइलवर मिळेल ते वाचलं, बघितलं, आणि मनाशी पक्कं केलं. वीसेक जाती बाहेर. कुरतडणारे नकोत, मोठ्या तोंडाचे नकोत, झाडं उपटणारे नकोत. मधल्या पाण्यात एकच थवा, या लाल नाकवाल्यांचा. तळाशी मिशावाल्या इवल्याशा कोरी माशांचा दुसरा. ते वाळूत तोंड खुपसून आपापलं काम करतात, वरच्यांच्या वाटेला जात नाहीत. दोघांनाही हलकं पाणी लागतं. आणि आमचे सफाईवाले तर पार्किंगच्या नळाचं बोअरिंगचं पाणी ओतत होते, ज्यानं बादलीलासुद्धा पांढरा थर चढतो! त्या दिवसापासून मी कॉर्पोरेशनचं पाणी आदल्या दिवशी भरून ठेवायला आणि थोडं थोडं बदलायला लागले. कंबर बोलायला लागली. बोलू दे म्हटलं.

खरी लढाई पुढेच होती. माशांची समजूत काढणं सोपं, माणसांची कोण काढणार? दारोदार फिरले. "अहो, आपली जोडी दुकानात परत देऊ का?" असं म्हटलं की चेहरे बघण्यासारखे व्हायचे. "आमचीच का?" हा प्रश्न प्रत्येक दारात. "सगळ्यांचीच" म्हटल्यावर जरा निवायचे. आपल्याकडे सगळ्यांचं गेलं की दुःख अर्धं होतं. पहिल्या मजल्यावरच्या बाईंनी डोळ्यांना पदर लावला, पण जोडी दिली.

चेअरमनांचे एंजल. तिथं मात्र मी श्वास घेऊन बेल वाजवली.

"माझे एंजल कुणाला त्रास देत नाहीत," ते म्हणाले. "अत्यंत शांत आहेत."

"हो ना. मग निऑन कुठे गेले, काशीला?"

त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "न्या. तसाही महिन्याभराचाच प्रश्न आहे."

रविवारी सकाळी मी आणि नागपूरची मुलगी झाकणाच्या बादल्यांतून सोसायटीची अख्खी वाढदिवसांची वरात घेऊन कसबा पेठेतल्या माशांच्या दुकानात गेलो. रिक्षा कोपऱ्यावर सोडावी लागली. दुकानदारानं जुने मासे आनंदानं ठेवून घेतले आणि लगेच म्हणाला, "नवीन मिक्स करून देतो मॅडम. दोन हे, दोन ते, रंगीत दिसेल."

"दोन-दोनच करून इथपर्यंत पोचलेय. या लाल नाकवाल्यांच्या टाकीतले सगळे द्या."

"सगळे?"

"सगळे. पण आधी माझ्यासमोर त्यांना खायला घाला."

मी स्टूल ओढून बसले. कोण खातंय, कोण कोपऱ्यात राहतंय, कुणाचे पर मिटलेले, कुणाचं पोट खपाटीला, सगळं पाहिलं. दोघा-तिघांना बाजूला काढायला लावलं. दुकानदार कंटाळून म्हणाला, "मॅडम, सून बघायला आलात का?"

"सून एक वेळ सांभाळून घेते. हे घेत नाहीत," मी म्हटलं. "आता त्या मिशावाल्यांना घाला."

लॉबीत आणून पिशव्या टँकच्या पाण्यावर तरंगत ठेवल्या, वाटीवाटीनं टँकचं पाणी त्यांत घातलं, मग सोडले. आणि काय? सगळेच्या सगळे झाडांत गुडूप. नाकं फिकी. काही दिवसांनी सकाळी लॉबीत सामसूम असली की बाहेर यायचे, लाली दिसायची, आणि लिफ्टचं दार वाजलं की पुन्हा पसार. येता-जाता लोक म्हणायचे, "काकू, झाडांचं प्रदर्शन चांगलं आहे." माझा जीव टांगणीला. एकही मासा मेला नव्हता. पण दिसत नाहीत त्या माशांसाठी मत कोण देणार?

सभेचा दिवस उजाडला. लॉबीतच सभा, खुर्च्या मांडलेल्या. सकाळीच मुलीचा बंगलोरहून फोन येऊन गेला, "आई, काय होईल ते कळव." चेअरमन टँकला पाठ करून उभे राहिले आणि मागच्या सभेचं इतिवृत्त वाचायला लागले. पाण्याची टाकी, गळती, पार्किंग, पुन्हा गळती. त्यांच्या आवाजाला चढ नाही, उतार नाही. हळूहळू कुजबुज थांबली, माना कलल्या, दोघांचे डोळे मिटले. लॉबीत एवढी शांतता मी कधी अनुभवली नव्हती.

आणि ते बाहेर आले.

आधी एक. मग चार. मग झाडांतून सगळा थवाच ओघळावा तसा आला. नाकं कुंकवासारखी लाल. टँकच्या या टोकाकडून त्या टोकाकडे गेले, क्षणभर थांबले आणि सगळे एकदम वळले. खाली कोरींनी वाळूत धुमाकूळ मांडलेला. पहिल्या मजल्यावरच्या बाई खुर्चीत पुढे सरकल्या. शेजारच्यांनी शेजारच्यांना कोपर मारलं. झोपलेले जागे झाले. चेअरमनांच्या खांद्यावरून सगळी सोसायटी टक लावून बघत होती आणि त्यांना वाटलं, इतकं लक्ष देऊन आपलं आजवर कुणी ऐकलंच नाही. ते आणखी रंगात येऊन वाचू लागले.

"बाप्पा!" नागपूरच्या मुलीच्या तोंडून निघालंच. "किती सुंदर दिसून राहिले!"

चेअरमन थांबले. वळले. नेमका तेव्हाच थवा वळला, त्यांच्या नाकासमोरून. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. बराच वेळ पाहिलं. "हे सगळे एकदम कसे काय वळतात हो?"

"त्यांच्यात चेअरमन नाही ना," मी म्हटलं.

लॉबी हसून फुटायची बाकी राहिली. तेही हसले, तेवढे मात्र ते मोठे आहेत. वही मिटून म्हणाले, "टँक हटवण्याच्या बाजूनं कुणी?" एकही हात नाही. "रॅक जिन्याखाली करू," असं स्वतःच म्हणून त्यांनी विषय संपवला. ज्या दोन घरांचा फराळ बंद होता, ती दोघं टँकशी डोकं लावून मासे मोजत होती आणि दर वेळी आकडा वेगळा येत होता म्हणून वाद घालत होती. मी मात्र सगळ्यांसमोर टाळी वाजवली, एकटीनंच, शाळेतल्या पोरीसारखी. लाज वगैरे काही वाटली नाही. जिंकले होते मी!

वर आले, दार लावलं आणि मुलीला फोन केला. तिनं "आई, काय झालं?" एवढंच विचारलं आणि माझा बांध फुटला.

ती घाबरली. "आई, अगं रडू नकोस. गेला का टँक?"

"नाही गं," मी म्हटलं, "बाबा राहिले."