लिबियाची दोन सरकारे आणि आमचे निनावे सर

प्रा. दामोदर निनावे यांच्या साठीनिमित्त निघणाऱ्या या ग्रंथासाठी मी लिहावे, असा समितीचा आग्रह झाला. माझीही साठी याच वर्षी आहे. समितीत ते कुणाच्या लक्षात आलेले दिसत नाही. असो.

सरांची पहिली भेट नागपूरच्या आमच्या कॉलेजच्या स्टाफरूममध्ये झाली. उमरेडच्या विणकर घरातले हे तरुण प्राध्यापक राज्यशास्त्र विभागात नुकतेच रुजू झाले होते. मी आधीपासून तिथे होतो आणि मुलांचा आवडता होतो. दिवाळीच्या सुट्टीपर्यंत तरी होतो.

आफ्रिकेतील राज्यव्यवस्था हा विषय आम्ही दोघेही शिकवत आलो. पुढे लिबिया दुभंगला. पश्चिमेला त्रिपोलीत एक सरकार, पूर्वेला दुसरे. जगाची मान्यता त्रिपोलीला, तर निवडलेली संसद आणि तेलाच्या बऱ्याचशा विहिरी पूर्वेकडे. मी 'समांतर शासनसंस्था' वगैरे शब्दांनी फळा भरला. मुलांनी जांभया दिल्या. शेजारच्या वर्गात सर सांगत होते, "गांधीबागेच्या कापडबाजारात एक दुकान हाय. दोघं भाऊ भांडले. एक समोर बसते, दुसरा मागच्या गोदामात. पाटी समोरच्याची, माल मागच्याजवळ, अन् गल्ला एकच. आता सांगा, मालक कोन?" त्यावर मुलांनी जो वाद घातला, तो भिंतीपलीकडून ऐकताना माझ्या पोटात दुखले. ते दुखणे अजून गेलेले नाही. एकदा तरी मुलांनी त्यांना सोडून मला विचारावे, एवढीच माझी इच्छा राहिली आहे.

आम्ही दोघांनी मिळून एक पाठ्यपुस्तकही केले. लिबियाचे प्रकरण सरांचे, संपादन माझे. सरांनी लिहिले होते, 'लिबियातील सरकारे'. एका देशात सरकारचे अनेकवचन कसे, हे मुद्रितशोधकाला पटेना. त्याने सगळीकडे 'सरकार' केले आणि इमानाने क्रियापदेही बदलली. छपाईआधी ती चूक मी पकडली. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. सर मात्र खुर्चीत रेलून हसत म्हणाले, "अहो, काहून रागावता? साऱ्या जगाले जे जमलं नाही, ते आपल्या मानसानं एका दुपारी करून टाकलं!" स्टाफरूम हसून लोटपोट झाली. आजही नागपुरात आमच्या विषयाचे चर्चासत्र असले की हा किस्सा निघतो. चूक कुणी पकडली होती, हे कुणी विचारत नाही.

त्यांच्या चांगुलपणाबद्दलही लिहायला हवे. माझ्या हृदयाची शस्त्रक्रिया झाली तेव्हा सरांनी माझे सगळे तास घेतले, शिवाय रोज दवाखान्यात येऊन बसले. आमच्या सौभाग्यवती अजून त्यांचे नाव काढतात, जरा जास्तच काढतात. मी कामावर परतलो, तर वर्गातली एक मुलगी उभी राहिली. "सर, तुमी आनखी आराम करा न. निनावे सर मस्त शिकवून राहिले." तिने ते अगदी मायेने म्हटले, म्हणून रागावताही आले नाही.

मत्सर वाटावा अशी माणसे पुष्कळ भेटतात. पण त्यांच्यात एखादा तरी दुर्गुण सापडतो आणि आपला निभाव लागतो. सरांनी तेवढीही सोय ठेवलेली नाही. आता आम्ही दोघे बरोबरच निवृत्त होतो आहोत. परवा एका जुन्या विद्यार्थ्याचा फोन आला, लिबियावर व्याख्यान हवे म्हणून. मी घसा साफ केला. तो म्हणाला, "सर, निनावे सरांचा नवीन नंबर देता का?"

मी दिला.

निनावे सरांना उदंड आणि निरोगी आयुष्य लाभो. लिबियात दोन्हीकडची माणसे एकदा शांतपणे मतदान करोत, एकच सरकार येवो, आणि ते पाहायला सर खणखणीत असोत. त्या दिवशी मात्र त्यांनी मला फोन करून म्हणावे, "हे आता तुमी शिकवा." तो फोन घ्यायला मीही असावे, म्हणून रोज सकाळी घराजवळच्या बेसा रस्त्याने न चुकता फिरायला जातो आहे.