शेजारची वंदी

सौंसरच्या मोरेश्वररावांना दोन पोरी. थोरली प्रतिभा, धाकटी वंदना, म्हणजे सगळ्या आळीची वंदी. थोरली अंगणातून चालली तर कोंबडीला पत्ता लागत नसे. धाकटी नुसती दारात आली तरी कोंबड्या कौलावर चढत. देवानं या घरी लाज धाडली तेव्हा ती दोघींची मिळून थोरलीच्याच पदरात टाकली असावी, म्हणून धाकटीच्या वाटचं लाजायचं कामही प्रतिभेलाच करावं लागे.

अन् काम काही कमी नव्हतं. भिंतीला भिंत लागून अंबाबाईचं घर. अंबाबाईनं खाटेवर मुंगवड्या वाळत घातल्या, तर वंदीनं त्यातल्या मूठभर ओल्याच खाल्ल्या अन् रिकाम्या जागी चिखलाच्या गोळ्या मांडून ठेवल्या. अंबाबाईनं त्या राखण करून वाळवल्या, डब्यात भरल्या अन् एक दिवस भाजीतही टाकल्या. भाजी घेऊन ती दारात आली तेव्हा वंदी झाडावर होती, अन् मान खाली घालून उभी होती ती प्रतिभा.

पण खोटं कशाला बोला, त्या पोरीचे फायदेही होते. बस स्टँडवर एक जण प्रतिभेला पाहून रोज शीळ घालायचा. प्रतिभा रस्ता बदलायची, घरी सांगायची नाही. वंदीनं त्याच्या सायकलच्या सीटवर खाजकुयरी चोळून ठेवली. त्या दिवसापासून तो गडी शीळही विसरला अन् सायकलही पायी नेऊ लागला. प्रतिभेला ताप आला की वंदी उशाशी बसून शाळेतल्या एकेका मास्तरची नक्कल करून दाखवायची. हसता हसता ताप उतरायचा. एवढं असूनही बाहेरचं माणूस घरात आलं की प्रतिभेला वाटे, ही आता काय करते अन् काय नाही.

मागच्या उन्हाळ्यात काटोलकडचे पाहुणे तिला पाहायला आले होते. पाहुणे निघाले तर ओट्यावर चपलाच नाहीत. वंदीनं त्या गोठ्यात नेऊन म्हशीपुढे ओळीनं मांडल्या होत्या, अन् म्हशीनं त्यातल्या एकीची चव घेतली होती. पुढं नकार आला. सोयरीक जमवणारे रामाजी नकाराचं कारण सांगून गेले. पोरगी पोरापेक्षा बोटभर उंच दिसते, एवढंच. चपलांचं कोणी नावही काढलं नव्हतं.

पण बोटभर उंचीवर राग काढायचा तरी कसा? प्रतिभेनं तो वंदीवर काढला.

"तुह्यापायी मोडलं माहं लग्न."

वंदीचं तोंड एवढंसं झालं. तिला उंचीचं कोणी सांगितलंच नव्हतं. "मंग मी काय करू, ताई?"

"काही करू नको. पाहुणे आले का दिसू नको."

खरं कारण सांगायला दुसरा दिवस होता, तिसरा होता. प्रतिभेनं सांगितलं नाही. वंदी गुमान सांगितलेली कामं करू लागली होती, ते तिला बरं वाटत होतं.

भादव्याची पुनव झाली अन् घरोघरी भुलाबाई बसली. मातीचे भुलोजी-भुलाबाई, वर ज्वारीच्या धांड्यांचा मांडव. दिवेलागणीला आळीतल्या पोरी टिपऱ्या घेऊन जमायच्या, या घरची गाणी झाली की त्या घरी. अन् गाण्यांपेक्षा पोरींचा जीव असायचा खिरापतीत. ज्या घरी गाणी, त्या घरानं खाऊ झाकणाच्या डब्यात भरायचा अन् डबा वाजवून दाखवायचा. बाहेरच्या पोरींनी आवाजावरून ओळखायचं. ओळखलं की झाकण उघडायचं, नाहीतर "हारलो" म्हणवून घ्यायचं. घरच्यांनी अर्थातच ओळखायचं नाही. डबा भरायचा मान घरातल्या सगळ्यात लहान पोरीचा.

मागच्या साली वंदीनं तो मान असा काही राखला की आळी विसरली नाही. डबा वाजेचना. पोरी दमल्या, हारल्या. झाकण उघडलं तर आत संत्र्याच्या पाल्यावर हिरव्यागार अळ्या. बागेतल्या त्या अळीला डिवचलं की ती डोक्यातून लाल शिंगं काढते अन् असा वास सोडते की जेवण जात नाही. पोरी टिपऱ्या टाकून पळाल्या. अंबाबाईची सून तर चप्पलही विसरली.

यंदा गाण्यांच्या ऐन वेळी दारात रामाजी उभे राहिले, अन् त्यांच्यासोबत पांढुर्ण्याच्या शकुबाई. निरोप नाही, सांगणं नाही. शकुबाईचा पोरगा अनिल वीज कंपनीत होता. त्याचा फोटो महिनाभर आधीच घरी आला होता. दाराच्या चौकटीला डोकं टेकेल एवढा उंच. तो फोटो प्रतिभेनं कोणी नसताना पुन्हा पुन्हा पाहिला होता. या वेळी तिला नुसतं लग्न नको होतं, हेच घर पाहिजे होतं.

केसरबाई, म्हणजे प्रतिभेची आई, लगबगीनं पोह्याच्या मागे लागली. रामाजी अन् मोरेश्वरराव ओट्यावर बसले. शकुबाई म्हणाल्या, "खुर्ची-बिर्ची काही नको वो. मी पोरींमध्येच बसते. पोरगी कामात पाहावी, पाटावर बसवून काय दिसते?"

अन् त्या भुलाबाईपाशी भिंतीला टेकून बसल्या.

गाणी संपली. वंदी आतून पितळी डबा घेऊन आली. फ्रॉकला बागेतला चिखल, केसात काडी. तिनं डबा प्रतिभेच्या हाती दिला अन् बाजूला उभी राहिली. दात मात्र दिसत होते.

प्रतिभेनं डबा हलवला.

काही वाजलं नाही.

तिनं पुन्हा हलवला. आत काहीतरी मऊ जरासं हललं. तिच्या डोळ्यांपुढे लाल शिंगं नाचू लागली, अन् त्यामागे पांढुर्ण्याची बस परत जाताना दिसली.

"रिकामा आहे वाट्टे डबा," एक पोरगी म्हणाली.

"भरलेला आहे," वंदी म्हणाली. "असं ठासून भरला मी."

शकुबाईंनी तिच्याकडे पाहिलं. चिखल पाहिला, काडी पाहिली. "हे ध्यान कोन होय वो? घरचं का?"

आता या प्रश्नाला एकच उत्तर होतं अन् ते सगळ्या आळीला पाठ होतं. पण प्रतिभेच्या हातात डबा होता.

"नाही," ती म्हणाली. "शेजारची आहे."

आळीतल्या पोरी एकमेकींकडे पाहू लागल्या, पण पाहुण्यासमोर कोण बोलणार? वंदीचे दात मिटले. क्षणभर ती ताईकडे पाहत राहिली. मग जणू सोंगच घ्यायचं आहे अशी फ्रॉक झटकून पोरींच्या रांगेत जाऊन बसली.

"मंग मलेबी ओळखावं लागन," ती म्हणाली. "मी बाहेरची होय न."

अन् ती ओळखू लागली. "चिवडा?" प्रतिभेनं मान हलवली. "शेव? मुंगवड्या?" मुंगवड्यांना पोरी फिसकन हसल्या. शकुबाईही हसल्या. "शेजारची भलती चाबरी आहे वो," त्या म्हणाल्या. प्रतिभेच्या कानाच्या पाळ्या जळत होत्या. आपल्याच घरची खिरापत आपल्याच घरी बाहेरची होऊन ओळखणारी ती पोर तिला पाहवत नव्हती, अन् डबा खालीही ठेववत नव्हता.

"हारलो बाप्पा," शेवटी शकुबाईच म्हणाल्या. "उघड आता."

प्रतिभेनं डोळे मिटून झाकण काढलं. वास आला तो शेंदराचा अन् खोबऱ्याचा.

डब्यात वंदीचा धुतलेला हातरुमाल होता. त्यात खोबऱ्याचे तुकडे, अन् कागदाच्या पुडीत शेंदूर. वाजू नये म्हणून रुमाल चारी बाजूंनी ठासलेला.

"हे त जामसांवलीचं," शकुबाईंनी शेंदूर कपाळाला लावला. "मारोतीचा परसाद. कोणी आणला?"

"शेजारच्यांनी," वंदी म्हणाली. "बागेतल्या बैलगाडीवर बसून गेल्ती मी. इथल्या ताईचं लग्न जमू दे म्हटलं. पहिलं माह्यापायी मोडलं होतं."

"तुह्यापायी? अन् तुले काय वो त्याचं?"

"ताई गेली का खिडकीपाशीची खाट मले भेटते," वंदी म्हणाली, अन् जीभ चावली. "म्हणजे इथल्या बहिणीले, असती त."

असं म्हणून ती उठली. दारात ओट्यावरच्या रामाजींना नमस्कार केला, जो तिनं जन्मात कोणाला केला नव्हता, अन् अंबाबाईच्या घरात शिरली.

शकुबाईंनी प्रतिभेकडे पाहिलं. "शेजारच्या पोरीनं तुह्यासाठी नवस केला?"

खरं बोलायला हीच वेळ होती. प्रतिभेला ते कळत होतं. तिनं ओठही उघडले. अन् नुसतीच मान हलवली, हो म्हणून.

तेवढ्यात केसरबाई पोह्याच्या बशा घेऊन आली. "अवं, वंदी कुठी गेली? तिले बशा धरायले लावते."

"वंदी कोन?" शकुबाईंनी विचारलं.

"माही धाकटी. आत्ता त इथंच होती, डबा घेऊन."

शकुबाईंनी बशी रिकामी केली, पाणी घेतलं, प्रतिभेच्या कपाळाला रीतीनं कुंकू लावलं. ते लावताना त्यांची नजर तिच्या नजरेला भिडली नाही, की प्रतिभेनंच वर पाहिलं नाही, कोण जाणे. निघताना त्या एवढंच म्हणाल्या, "सोयरीक होवो न होवो बाई, धाकटी फारच शेजारची आहे."

बस गेली तशी प्रतिभा अंबाबाईच्या दारात गेली. वंदी चुलीपाशी बसून भाकर खात होती.

"चाल घरी."

"कोनाच्या?"

अंबाबाई भाकर थापता थापता म्हणाली, "राहू दे तिले इथंच. माह्या मुंगवड्याची राखण करन." पण हसली नाही.

प्रतिभा खाली बसली. म्हणावं असं पुष्कळ होतं. शेवटी जे सगळ्यात खाली दडवलं होतं तेच वर आलं. "काटोलचे तुह्यापायी गेले नव्हते. मी उंच होती म्हणून गेले. मले तवाच मालूम होतं."

वंदी चावायची थांबली. "मंग मी जामसांवलीले फुकटच गेली?"

"हाव."

"अन् येताना गाडीवाल्यानं अर्ध्यातून उतरवलं, पायी आली." तिनं उरलेली भाकर मोडून अर्धी प्रतिभेला दिली. "खाट मात्र मलेच पाहिजे."

प्रतिभेनं भाकर घेतली. पोरीनं भांडायला पाहिजे होतं, चावायला पाहिजे होतं, म्हणजे काही फिटलं असतं.

पांढुर्ण्याचा निरोप कोजागिरी उलटून गेल्यावर आला. रामाजी ओट्यावर बसले, पान लावलं, अन् हसू दाबत म्हणाले, "पोरगी पसंत आहे. पण शकुबाईनं एक अट घातली. पाठराखीण म्हणून शेजारचीच धाडा म्हणते."

घरात सगळे पोट धरून हसले. मोरेश्वरराव हसले, केसरबाई पदरात हसली, वंदी तर जमिनीवर लोळली. प्रतिभा एकटी स्वयंपाकघरात जाऊन उगाच पीठ चाळत बसली. ज्या घरी जायचा तिनं एवढा ध्यास घेतला होता, त्या घरी तिच्याआधी तिचं खोटं जाऊन पाटावर बसलं होतं.

लग्न झालं. रीतीप्रमाणे नवरीसोबत पाठराखीण म्हणून वंदी पांढुर्ण्याला गेली. नवी नवरी पाहायला बाया जमल्या. सावरगावच्याही नदी ओलांडून आल्या होत्या. नव्या नवरीनं पहिल्या दिवशी मान वर करायची नाही, कोणी नाव घ्यायला लावल्याशिवाय तोंड उघडायचं नाही. प्रतिभा डोईवरचा पदर धरून बसली होती, अन् बाजूला वंदी लाडू खात होती.

एक म्हातारी पुढं झाली. "अन् हे कोन होय?"

शकुबाई दारातच होत्या. वाट पाहत राहिल्या.

प्रतिभेनं मान वर केली. सगळ्या बायांसमोर, कोणी न सांगता. "माही सख्खी बहीण आहे," ती म्हणाली, अन् आवाज एवढा मोठा निघाला की तिची तीच दचकली.

नवरी बोलली, अन् तेही एवढ्यानं.

वंदीनं लाडू गिळला. "ऐकू नका तिचं," ती म्हणाली. "मी शेजारची होय."

शकुबाई पदर तोंडाला लावून आत गेल्या. हसत होत्या की काय, ते पदरामुळे दिसलं नाही. प्रतिभेची मान पुन्हा खाली गेली. पदराखालून तिनं वंदीचा हात मात्र घट्ट धरून ठेवला. लाडवानं चिकट झालेला तो हात वंदीनं बराच वेळ सोडवून पाहिला, अन् मग राहू दिला.