मध्यंतरातला अंतराळवीर

यानाचा स्फोट झाला आणि त्याचा दणका थेट छातीत बसला. अरे, अंतराळात हवाच नाही, तर आवाज येतो कुठून? भविष्यकाळ दाखवायचा म्हटला की या लोकांना स्फोटापलीकडे काही सुचतच नाही! मग नायकाची प्राणवायूची नळी तुटली, तो काळोखात भिरकावला गेला, आणि नेमकं तिथंच पडद्यावर 'मध्यंतर' आलं. तो तिकडे गुदमरतोय आणि इकडे अख्खं थिएटर समोशाच्या रांगेत.

मी कावलेलाच परतलो, तर शेजारच्या अनोळखी बाई जागेवरून हलल्याही नव्हत्या. पदराचं टोक मुठीत घट्ट धरून त्या पडद्यावरच्या जाहिरातींकडे बघत होत्या.

"मरत नाही हो तो, मावशी," मी वैतागून म्हणालो. "नायक आहे. अगदी शेवटच्या क्षणी वाचणार. नेहमीचंच आहे हे."

"वाचेल हो," त्या म्हणाल्या, "पण आत्ता त्याला कुठं माहीत आहे ते?"

माझा समोसा हातातच गार झाला.

पुन्हा अंधार झाला. नायक वाचला, शेवटच्या क्षणी, विज्ञानाचे सगळे नियम धाब्यावर बसवून. मी चिडलोच. पण त्याआधी, केव्हापासून रोखलेला श्वास सोडला.