मामाजींची मिशी आणि शिसवी दस्ता

आयुष्यात मी एकाच रायफलीला घाबरलो, आणि ती मीच पॉलिश केलेली होती.

रायफल माझ्या सासऱ्यांची. दिग्रसजवळच्या त्यांच्या शेतात रानडुकरं फार, म्हणून परवाना काढून घेतलेली. मामाजींचा (आमच्याकडे सासऱ्याला मामाजीच म्हणतात) अख्ख्या गावाला धाक. मला तर त्यांच्या पल्लेदार मिशांचाच! त्या चैत्रात रायफल बैलबंडीवरून पडली आणि तिचा खांद्याला टेकवायचा लाकडी दस्ता फुटला.

"जवाईबापू, तुम्ही लाकडाच्या वखारीत कारकून हाये. लाकूड तुम्हीच निवडा!"

मला लाकूड कळायचं ते कागदावरचं. पण नवा जावई 'नाही' म्हणतो का? वखारीत मी फळ्यांवर टिचक्या मारल्या, कान लावला, गंभीरपणे मान हलवली. "साग खाटेले ठीक हाये, मामाजी. दस्त्याले शिसमच पाह्यजे!"

वाढ्याने, म्हणजे गावच्या सुताराने, दस्ता सुरेख घडवला. तिथंच गप्प बसायचं ना! पण मी म्हणालो, "पॉलिश मी करतो."

काचकागदाने घासला, जवसाचं तेल चोळलं. चमक पुरेना, म्हणून तेलात राळ उकळून घातली. दस्ता असा लखलखला की सासूबाईंनी त्यात बघून कुंकू नीट केलं!

भर दुपारी मामाजींनी गोळी भरली, दस्त्याला गाल टेकवून बाभळीवर नेम धरला... आणि तसेच राहिले.

"काय झालं, मामाजी?"

"मिशी चिपकली!"

उन्हाने राळ पाघळली होती. "काय लावून ठेवलं हे?" गरजत ते माझ्याकडे वळले. गालाबरोबर नळीही वळली! मी डावीकडे पळालो, नळी डावीकडे. मी कडब्याच्या गंजीकडे, नळी गंजीकडे!

"पयता कायले? इकडे या, गोळी काढा!"

"तुम्ही पहिले तिकडे पाहा ना!"

"अहो, डोये तरी मिटा!" सासूबाई ओरडल्या. मामाजींनी मिटले. नळी होती तिथंच. आता ते न बघता माझ्यावर नेम धरून होते!

शेवटी मी जमिनीवर रांगत गेलो आणि गोळी काढली. मग माझ्या बायकोने कात्रीने वडिलांची अर्धी मिशी कापली. उरलेल्या अर्ध्या मिशीनिशी मामाजी माझ्याकडे बघत राहिले. गोळी माझ्या खिशात होती, तरी मी गंजीआड जाऊन बसलो.

दिवाळीला भीतभीतच सासरी गेलो. मिशा पुन्हा उगवल्या होत्या. मी पाया पडलो. मामाजींनी एका हाताने आशीर्वाद दिला. दुसऱ्या हाताने मिशा झाकून घेतल्या होत्या!

सासरी आपलाही धाक असावा, असं मला फार वाटायचं. बसला एकदाचा!