दहा मिनिटं उजवीकडे, दहा डावीकडे

बाजारातल्या दुकानांचे वजनकाटे तो दुरुस्त करायचा, म्हणून सगळे त्याला काटेवाले म्हणत. चिडली की बायकोसुद्धा. चहा घेतानाही तो उभाच असायचा आणि टेबल डुगडुगतंय का, हे बोटाने दाबून बघायचा.

मुलगी सहा आठवड्यांची झाली तेव्हा दवाखान्यातल्या नर्सबाई म्हणाल्या, "आठवड्यात साठच ग्रॅम वाढलीय. पुढच्या मंगळवारी पाहू. नाहीतर वरचं दूध सुरू करावं लागेल."

घरी आल्यावर बायको एवढंच म्हणाली, "मला तिला अंगावरच पाजायचंय."

त्याने दुकानातला बारीक काटा आणून ओट्यावर मांडला. पाजण्याआधी वजन, पाजल्यावर वजन. काटा तपासताना तो एकच वजन चारही कोपऱ्यांवर ठेवून बघायचा; आकडा सगळीकडे सारखा आला तरच काटा खरा. इथेही त्याने तोच नियम लावला. दर तीन तासांनी दहा मिनिटं उजवीकडे, दहा डावीकडे. घड्याळ त्याच्या हातात.

"बाजू बदल."

"अहो, पितेय ती."

"दोन्हीकडे सारखं हवं."

ओढून घेतल्यावर मुलगी किंचाळायची, दुसरीकडे चार घोट घेऊन डोळे मिटायची. काट्याचा गार पत्रा लागला की पुन्हा टक्क जागी. कधी पन्नास ग्रॅम, कधी तीस. तीस आले की तो काटा पुसायचा आणि तिला परत ठेवायचा. तीसच. पाऊण तासात ती मूठ चोखू लागायची, तोंड इकडेतिकडे फिरवायची. तो म्हणायचा, अजून दोन तास आहेत. मग ती रडायची, आणि रडून रडून इतकी थकायची की पाजायला घेतल्यावर तोंडच लावायची नाही.

"चिडकी आहे, बापावर गेलीय," त्याची आई म्हणाली. "तूही मांडीवर घेतलं की वळवळायचास. पण तुला कुणी भाजीसारखं तोललं नव्हतं हो."

"आई, तू मध्ये पडू नकोस."

"मी कुठे पडतेय? मध्ये तुझा काटा पडलाय."

शुक्रवारी बायकोने मंगळवारची वाट पाहिली नाही. मुलीला गुंडाळलं आणि सरळ दवाखान्यात गेली. हा मागोमाग, सगळे आकडे तोंडपाठ घेऊन.

"इथेच पाजा, मी बघते," नर्सबाई म्हणाल्या. त्या समोर बसल्या. दहा मिनिटं झाली आणि त्याच्या तोंडून निघून गेलं, "बाजू बदल."

नर्सबाईंनी मान वळवली. "हे कोण ठरवतं?"

त्याने चार कोपऱ्यांचं सांगितलं. त्या हसल्या नाहीत. हसल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

"सुरुवातीचं दूध पातळ असतं, काटेवाले. पिता पिता दाट होत जातं. त्या दुधाने पोट भरतं, मग झोप लागते. ती तिथे पोचायच्या आत तुम्ही तिला उठवता. एक बाजू तिला स्वतःहून सोडू द्या. मग दुसरी द्या. नको असेल तर राहू द्या, पुढच्या वेळी तिकडून सुरू करा."

"मग किती प्यायली ते कळणार कसं?"

"गिळल्याचा आवाज येतो, तो ऐका. दिवसाला सहा-सात लंगोट ओले होतायत का बघा. पोट भरलं की मुठी आपोआप सैल होतात. आणि मूठ चोखायला लागली की पाजा. रडणं सगळ्यात शेवटी येतं, तोवर थांबू नका."

काटा दुकानात परत गेला. आता तोलायला काही नव्हतं. मुलगी वीस मिनिटं प्यायची, एकदा तर पस्तीस. तो दाराशी उभा राहून घोट ऐकायचा, मग आत जाऊन उगाच नळ उघडून बंद करायचा. दोरीवरचे लंगोट त्याने दोनदा मोजले.

"सात आहेत," बायको आतून म्हणाली. "मीही मोजलेत."

त्या दुपारी मुलगी अडीच तास झोपली. पाठीवर निजलेली, हात दोन्हीकडे पसरलेले. तिच्या रडण्याची त्याला सवय झाली होती. ही शांतता त्याला सोसेना. छाती हलतेय का बघायला तो तीनदा गेला.

मंगळवारी नर्सबाई मुलीला काट्यावर ठेवणार, एवढ्यात त्याला रिकाम्या काट्यावर चाळीसचा आकडा दिसला.

"थांबा. शून्यावर नाहीये तो."

बायकोने त्याच्याकडे असं पाहिलं की त्याने मान खाली घातली. ते चाळीस ग्रॅम तिला हवे होते. त्यालाही हवे होते.

नर्सबाईंनी काटा शून्यावर आणला, मुलीला ठेवलं. ती पाय झाडत होती, आकडा वरखाली धावत होता. बायकोने डोळे मिटून घेतले.

"एकशे सत्तर वाढलीय," नर्सबाई म्हणाल्या. "वरचं दूध नको. असंच पाजत राहा, आता महिन्याने या."

बायकोने मुलीला उचलून छातीशी धरलं.

"मधे एकदा घरी वजन..." त्याने सुरुवात केली.

"नाही," दोघी एकदमच म्हणाल्या.

तो बाहेर आला. महिना. रस्त्यावर सगळ्या दुकानांची दारं उघडी होती, आत काटे होते, त्यांचे आकडे त्याला इथूनही वाचता येत होते. त्याने खिशात हात घातले, बाहेर काढले, आणि बायको मागून येईपर्यंत त्या हातांचं काय करावं हे त्याला सुचेना.