ओटा असलेली खोली

पुसदच्या शुभदाताईंनी चिखलदऱ्याची दरी पाहिली ती स्वयंपाकघराच्या खिडकीतून, कुकरच्या शिट्ट्या मोजत. बाकीची मंडळी पॉइंट पाहून परतली तेव्हा गरम पोळ्या तयार होत्या. तिरुपती झालं, महाबळेश्वर झालं, तिथंही तेच. मधुसूदनरावांना बाहेरचं अन्न सोसत नाही, म्हणून कुठंही फोन लावला की त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला, खोलीत ओटा आहे का? लोक शुभदाताईंना अन्नपूर्णा म्हणत. कौतुकाला नाही कसं म्हणणार? अशी बेडी बायकांच्या पायात हळदीकुंकू लावून घालतात, हे त्यांना फार उशिरा कळलं.

यंदा मुलानं, साकेतनं, दोघांना जपानला बोलावलं. त्याच्या घरी रांधावं लागणार हे त्यांनी धरूनच ठेवलं होतं, त्याची तक्रार नव्हती. पण मध्ये दोन रात्री डोंगरातल्या गावी जायचं होतं आणि तिथली जागा ठरायची होती. सून भैरवीनं व्हिडिओ कॉलवर दोन जागा दाखवल्या. एक फ्लॅट होता. दुसरी जुन्या पद्धतीची जपानी सराई, रियोकान म्हणतात तिला. जमिनीवर चटया, बुटकं टेबल. जेवण खोलीत आणून वाढतात आणि तुम्ही जेवून उठलात की गाद्याही तेच घालतात.

शुभदाताईंनी फोन मधुसूदनरावांच्या हातून स्वतःकडे घेतला. फोटोत एक बाई गुडघ्यांवर बसून वाट्या मांडत होती.

ओटा आहे का, हे मधुसूदनरावांचं विचारून झालं. नव्हता. साकेत म्हणाला, मग फ्लॅटच घेऊ, आईच्या हातचा पातोडीचा रस्सा खाऊन वर्ष होऊन राह्यलं. लेकाच्या मायेचा राग येत नाही, पण त्या क्षणी त्यांना तो आला.

"आई, तुम्हाला कोणती आवडली?" भैरवीनं विचारलं.

हा प्रश्न त्यांना आजवर कोणी केलाच नव्हता.

"मले ती सराई पाहिजे," त्या म्हणाल्या. "नुसता भात दिला तरी चालते. पण कोणीतरी मले बसवून वाढलं पाहिजे."

मधुसूदनराव काही वाईट माणूस नव्हते. ते जरा ओशाळले आणि म्हणाले, घ्या मग तीच, मी दोन दिवस चिवड्यावर काढतो. त्या आठवड्यात शुभदाताईंनी त्या दोन दिवसांची पिशवी वेगळी भरली. तीत मसाल्याचा डबा नव्हता. दुपारी पडल्या पडल्या त्या तो फोटो पुन्हा उघडत.

मग साकेतचा फोन आला. सराईवाले माशाच्या अर्काशिवाय रसभाजी करतच नाहीत. शाकाहारी आईला परदेशात नेऊन नुसत्या भातावर ठेवायचं त्याच्या जिवावर आलं होतं. म्हणून त्यानं सराई रद्द करून फ्लॅट घेतला होता आणि फोटोही पाठवला होता. ओटा लांबरुंद, शेगडीसमोर मोठी खिडकी, खिडकीत बर्फाचा डोंगर.

"पाहा," मधुसूदनराव मनापासून खूश होऊन म्हणाले, "तुले ओट्यावरूनच डोंगर दिसते."

शुभदाताईंनी फोटोतली ती खिडकी बोटांनी मोठी करून पाहिली. लेकानं काळजीनं केलं होतं, नवरा खुशीत होता; भांडायचं तरी कोणाशी? फोनवर साकेत अजून होता.

"तिथं तवा आहे का रे," त्यांनी विचारलं, "का इथूनच आणू?"