कारण विचारणं बंद झालं तेव्हापासून

बोटांचे ठसे घेणाऱ्या बाईला लोक न विचारता सगळं सांगून टाकतात. हातच माझ्या हातात असतो ना! क्युपर्टिनोतल्या एका छोट्या दुकानात मी आठ वर्षं हेच करतेय: पासपोर्ट फोटो, नोटरी आणि सरकारी अर्जांसाठी फिंगरप्रिंट. किस्से आधीही होतेच, पण इथल्या, अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाचा पिस्तुलाच्या परमिटबद्दलचा निकाल आला आणि ते पोटात मावेनासे झाले. नावं मात्र सांगणार नाही.

आमच्या राज्यात पिस्तूल कपड्याआड घेऊन फिरायचं परमिट हवं असेल, तर पूर्वी तसंच सबळ कारण द्यावं लागे. नुसतं 'भीती वाटते' चालत नसे. कोर्ट म्हणालं, हा हक्क आहे, कारण मागू नका. झालं! अर्जांची रीघ लागली.

*

पहिले आले दागिन्यांच्या दुकानाचे एक काका. भरदुपारी दोघांनी दुकान लुटलं होतं, काकांच्या कानाला पिस्तूल लावून. तेव्हा त्यांनी अर्ज केला होता आणि कारण म्हणून चार पानं लिहिली होती. अर्ज नामंजूर!

आता ते तीच चार पानं घेऊन आले.

"काका, आता कारण द्यावं लागत नाही."

त्यांनी चारही पानं काउंटरवर सरळ केली. मग म्हणाले, "म्हणजे हे कुणीच वाचणार नाही?"

*

मग आला पुण्याचा एक इंजिनियर, वर्क व्हिसावरचा. एकदम जोशात! "ताई, आता सगळ्यांना मिळतं ना?"

"तुझ्या व्हिसावर बंदूक हातात घेणंसुद्धा गुन्हा होऊ शकतो. वकिलाला विचारल्याशिवाय पुढे जाऊ नकोस."

"पण यार, निकाल लागला ना!"

"परमिटचा लागला. तुझ्या व्हिसाचा नाही."

त्याचा चेहरा उतरला. हळूच फोन पुढे केला. शनिवारी मित्राबरोबर नेमबाजीच्या रेंजवर गेला होता, हातात पिस्तूल घेऊन हसरा फोटो. खाली ऑफिसमधल्या सगळ्यांचे लाइक्स!

"ताई," तो म्हणाला, "पहिला लाइक माझ्या मॅनेजरचा आहे."

*

आमच्या बुद्धविहाराच्या खिडकीवर एका रविवारी दगड आला. आत मुलं बसली होती. कुणाला लागलं नाही, पण काचा त्यांच्या केसांत अडकल्या होत्या. त्या आठवड्यात विहारातले एक दादा माझ्यासमोर येऊन बसले. नागपूरचे, माझ्याच गावचे. माणूस इतका मवाळ की डाससुद्धा फुंकर मारून उडवतो.

"जयभीम," म्हणाले, आणि हात पुढे केला.

मशीननं ठसा घेतला नाही. दुसऱ्यांदा नाही. तिसऱ्यांदाही नाही. बोट थरथरत होतं.

मी म्हटलं, "दादा, पंचशीलातलं पहिलं शील आठवतंय ना, जीव न घेण्याचं?"

"आठवतंय गं," ते म्हणाले. "म्हणूनच तर थरथरतंय."

*

एका निवृत्त काकांना परमिट मिळालं. पण निकालानंतर राज्यानं नवा कायदा केला, पिस्तूल कुठे कुठे नेता येणार नाही त्याची लांबलचक यादीच! काकूंनी ती फ्रिजवर चिकटवली. शाळा? नाही. दवाखाना? नाही. लायब्ररी? नाही. काका हट्टी, पिस्तूल घरी ठेवेनात. मग नातीला लायब्ररीत सोडायला जायचं आणि गाडीतच बसून राहायचं!

महिनाभरानं नातीनं विचारलं, "आजोबा, आर यू स्केअर्ड ऑफ द लायब्ररी?"

काकूंनी माझ्यासमोर हे सांगितलं. काका हसले नाहीत.

*

आणि ही गेल्या महिन्यातली गोष्ट. सकाळी दुकान उघडलं तेव्हा एक बाई दारातच उभी होती. तिशीची, मराठी. गळ्याभोवती स्कार्फ, बाहेर कडक ऊन असताना. ठसे दिले. मग अर्जावरच्या एका ओळीवर बोट ठेवून विचारलं, "इथे नवऱ्याचंच नाव द्यावं लागतं?"

नव्या कायद्यानं अर्जदाराबद्दल तीन जणांची साक्ष लागते, आणि त्यात एक जोडीदाराची. परमिट देणाऱ्या ऑफिसातून त्यांना फोन जातो.

"मी घर सोडलंय," ती म्हणाली. "ज्याच्यासाठी हे घेतेय, त्यालाच फोन करणार?"

ऑफिसमध्ये जाऊन सगळं सांगा, त्यांच्याकडे काहीतरी वाट असेल, एवढंच मी म्हणाले. अत्याचार झालेल्या बायकांसाठीच्या हेल्पलाइनचा नंबर लिहून दिला. ती ओळ कोरी ठेवून ती गेली.

अर्ध्या तासानं एक माणूस आला. इस्त्रीचा शर्ट, गोड हसू. "नमस्कार ताई, परमिटसाठी ठसे द्यायचेत." त्यानं अर्ज काउंटरवर ठेवला. साक्षीदाराच्या ओळीत सुबक अक्षरात तिचं नाव होतं.

"बायको चांगलंच सांगेल," तो म्हणाला. "इथे येऊन गेली का ती?"

"कोण आलं, कोण गेलं, ते आम्ही सांगत नाही."

"बरोबर आहे," म्हणत त्यानं बाही वर केली.

"सॉरी," मी म्हटलं. "मशीन बंद पडलंय."

त्यानं मशीनकडे पाहिलं. मग माझ्याकडे.

"हिरवा दिवा तर चालू आहे, ताई."